बहिणीचा अपघाती मृत्यू, पतीच्या नावे विम्याचा क्लेम आणि माहेरची शंका : आधी काय सांभाळावे

पारोळा तालुक्यातील एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची धाकटी बहीण, वय ३१, विवाहाला नऊ वर्षे झालेली, सासर एरंडोलकडचे. चार महिन्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास ती पतीच्या मोटारसायकलवर मागे बसून येत असताना महामार्गावर अज्ञात वाहनाने मागून धडक दिली, ती जागीच गेली आणि पतीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. अज्ञात वाहनचालकाविरुद्धचा गुन्हा पतीच्याच फिर्यादीवरून दाखल झाला. आता गावातील एका विमा प्रतिनिधीच्या बोलण्यातून कळले की, मृत्यूच्या अकरा महिने आधी बहिणीच्या नावे प्रत्येकी १५ लाखांच्या दोन पॉलिसी काढलेल्या होत्या, दोन्हींना अपघाती मृत्यूचा दुप्पट लाभ जोडलेला होता आणि नॉमिनी पती आहे. सात वर्षांची भाची सासरीच आहे. आमची शंका कायद्यात टिकेल काय, क्लेम थांबवता येईल काय आणि ती रक्कम कोणाची, असे ते विचारतात.

मी आधी अकरा वर्षे विमा कंपन्यांसाठी मृत्यूदाव्यांची चौकशी केली आणि नंतर जळगाव जिल्ह्यातील न्यायालयांत वकिली केली. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्या हातून गेले आहेत. तुमच्या पत्रात साठ लाखांचा उल्लेख पाच वेळा आला आहे आणि शवविच्छेदन अहवालाचा एकदाही आलेला नाही. माझ्या उत्तराचा बराचसा भाग या एका गोष्टीभोवती आहे.

विम्याची रक्कम म्हणजे हेतू. हेतू हा पुराव्याच्या साखळीतील एक दुवा असतो, पूर्ण साखळी नसते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची असेल तर प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात घालून दिलेले निकष आजही जिल्हा न्यायालयात पहिल्या युक्तिवादापासून उद्धृत केले जातात. त्यामुळे ‘पॉलिसी काढली आणि अकरा महिन्यांत मारले’ हे वाक्य तुम्हाला कितीही स्वयंसिद्ध वाटले, तरी न्यायालयात ते दोन वेगवेगळ्या विधानांत फुटते. पहिले कागदाने सिद्ध होईल. दुसरे शरीरावरच्या जखमा, गाडी आणि फोन यांच्यावरून सिद्ध करावे लागेल. हेही प्रांजळपणे सांगतो की, मागून धडक बसल्यावर मागे बसलेल्या माणसाला जास्त मार लागणे ही दुचाकीच्या अपघातातील नेहमीची गोष्ट आहे. पती वाचला एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

चोपड्याकडील एका प्रकरणात नेमके उलटे घडलेले मी पाहिले आहे. शेतात पाणी भरताना सर्पदंशाने नवरा गेला, पॉलिसी सात महिन्यांचीच होती आणि दिराने ‘वहिनीने विष घातले’ असा अर्ज सगळीकडे दिला. व्हिसेरा अहवाल, म्हणजे मृताच्या पोटातील अवयवांच्या विषतपासणीचा अहवाल, येईपर्यंत त्या बाईला दीड वर्ष गावाच्या नजरा सोसाव्या लागल्या. अहवालात कोणतेही कीटकनाशक निघाले नाही आणि पायावरच्या दंशाच्या खुणा मरणोत्तर पंचनाम्यात (पोलिसांनी मृतदेह पाहून केलेल्या नोंदीत) पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या. शंका घेणाऱ्याने आधी तो पंचनामा वाचला असता तर हे टळले असते. म्हणून तुम्हालाही माझे पहिले सांगणे हेच आहे की, कोणावर काही आरोप करण्याआधी कागद मिळवा आणि स्वतः बसून वाचा.

घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाच्या नोट्स व छायाचित्रे, मोटार वाहन निरीक्षकाने केलेल्या गाडीच्या तपासणीचा अहवाल आणि मूळ फिर्याद, हे पाच कागद लागतील. दहन झालेले असल्यामुळे दुसरे शवविच्छेदन शक्य नाही. बहिणीच्या शरीराने जे सांगितले ते आता फक्त त्या नोट्समध्ये आहे. त्यात काय पाहायचे? धावत्या दुचाकीवरून फेकली गेलेली व्यक्ती डांबरावर घासत जाते, त्यामुळे कोपर, गुडघे, तळहात, कंबर येथे घासल्याच्या जखमा सापडणे अपेक्षित असते. डोक्याच्या मागच्या बाजूला एकच खोल जखम आहे आणि बाकी अंग जवळपास कोरे आहे, असे लिहिलेले असेल तर तो प्रश्न तज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखा आहे. तसेच ट्रकने मागून ठोकर दिली असेल तर मोटारसायकलचा टेललाईट, मागची नंबरप्लेट आणि मडगार्ड यांनी ती सोसलेली असणार. निरीक्षकाच्या अहवालात ‘मागील बाजूस नुकसान नाही, उजवा फूटरेस्ट वाकलेला’ अशी नोंद मी एका फाइलमध्ये वाचली होती आणि फिर्यादीत मात्र ‘मागून जोरदार धडक’ होते. दोन्ही कागद सहा महिने एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी होते, पण कोणी ते एकमेकांशी ताडून पाहिले नव्हते. अंगावरची साडी, चपला व हेल्मेट मुद्देमाल म्हणून जमा आहेत की नातेवाइकांना परत दिले, हेही विचारा. परत दिले असतील तर कोणाकडे दिले याची पोच असते.

या प्रकरणातील एक धोका तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. अज्ञात वाहनाच्या गुन्ह्यात वाहन सापडले नाही तर आपल्याकडे पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ मागतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी निष्पन्न नाही. तशी समरी मंजूर होण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस निघते आणि त्याला हरकत घेण्याची संधी मिळते. तुमच्या बाबतीत फिर्यादी कोण? तोच, ज्याच्यावर तुमचा संशय आहे. तो ‘हरकत नाही’ म्हणेल आणि तुम्हाला कळायच्या आत कागद अभिलेख कक्षात जाईल. म्हणून तुमच्या आईने किंवा वडिलांनी मयताचे पालक या नात्याने तपास अधिकाऱ्याकडे सविस्तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवावी, आणि ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात या गुन्ह्याचे कागद जातात तेथे, समरी आल्यास आम्हाला ऐकून घ्यावे, असा अर्ज वकिलामार्फत आजच ठेवावा.

घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्याने नवे कायदे लागू होतात. अर्जात खुनासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०३, कटासाठी ६१ आणि पुरावा नाहीसा करण्यासाठी २३८ या दिशेने तपासाची मागणी करता येते. पोलिसांनी दखल घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह जाता येते आणि त्यानंतरही अडले तर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे. हुंडाबळीचे कलम ८० मात्र तुमच्या उपयोगाचे नाही, कारण ते विवाहापासून सात वर्षांच्या आतील मृत्यूलाच लागते. काही जण तुम्हाला ते घालायचा सल्ला देतील. लागू नसलेले कलम घातल्याने उरलेल्या अर्जाचीही विश्वासार्हता जाते.

अर्जात सर्वांत तातडीची मागणी फोनच्या नोंदींची करा. महामार्गावरच्या पेट्रोल पंपाचे आणि ढाब्याचे सीसीटीव्ही चित्रण काही आठवड्यांतच पुसले जाते, ते चार महिन्यांनी मिळण्याची आशा फार थोडी आहे. पण मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. त्या तुम्हाला मिळणार नाहीत, पोलिसांनाच मिळतील. घटनेच्या आधीच्या पंधरवड्यात पतीच्या क्रमांकावर एखादा नवा क्रमांक वारंवार येतो आणि घटनेनंतर कायमचा थांबतो का, घटनेच्या वेळी तो क्रमांक त्याच टॉवरखाली होता का, ही तपासाची ठरलेली दिशा आहे. मालवाहू गाडी असेल तर टोलनाक्यावरील फास्टॅगची नोंद वेगळी मिळू शकते. रात्री अकरा वाजता कुठून कुठे चालले होते, या प्रश्नाला पती काय उत्तर देतो तेही महत्त्वाचे आहे, कारण जी गोष्ट फक्त एकाच माणसाला माहीत असू शकते ती उलगडून सांगण्याची जबाबदारी पुराव्याचा कायदा त्याच्यावर टाकतो. अर्थात ही जबाबदारी सरकार पक्षाने पायाभूत पुरावा मांडल्यानंतरची आहे, त्याऐवजीची नाही.

आता विम्याकडे येतो. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की कंपन्या तो क्लेम ‘अर्ली क्लेम’ मानून चौकशीला देतात. चौकशी करणारा माणूस गावात येतो, पोलीस पाटलांना, शेजाऱ्यांना, किराणा दुकानदाराला भेटतो. माहेरी मात्र तो क्वचितच जातो, कारण फाइलमध्ये माहेरचा पत्ताच नसतो. तेव्हा तुम्हीच कंपनीच्या क्लेम विभागाला व तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा की मृत्यूच्या कारणाबाबत पोलिसांकडे अर्ज दिलेला आहे, त्याची प्रत सोबत आहे, तपास पूर्ण होईपर्यंत नॉमिनीस रक्कम अदा करू नये आणि मयताची अज्ञान (अल्पवयीन) मुलगी हयात आहे. पॉलिसी क्रमांक माहीत नसला तरी बहिणीचे पूर्ण नाव, जन्मतारीख व मृत्यूची तारीख पुरते. तुम्ही त्रयस्थ असल्याने कंपनी तुम्हाला तपशील देणार नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. पत्र दप्तरी लागले की तुमचे काम झाले.

कंपनीच्या फाइलमध्ये काय दडलेले असू शकते ते मी अनुभवाने सांगतो. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्यासाठी भरलेल्या अर्जावर, व्यवसाय आणि उत्पन्न काय लिहिले आहे, बहिणीच्या नावापुढे मोबाइल क्रमांक व ईमेल कोणाचा आहे, हप्ता कोणाच्या खात्यातून जात होता, दुसऱ्या कंपनीतील पॉलिसी जाहीर केली होती की लपवली होती, आणि पतीने स्वतःचा विमा किती काढला होता. कमावत्या पतीचा विमा दोन लाखांचा आणि घर सांभाळणाऱ्या पत्नीचा तीस लाखांचा, ही विसंगती कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याला खटकते. अनेक कंपन्या पॉलिसी देण्यापूर्वी विमेदाराला फोन किंवा व्हिडिओ कॉल करून माहितीची खातरजमा करतात आणि ते ध्वनिमुद्रण जपून ठेवतात. ते मागवावे, अशी विनंती पोलिसांना अर्जातच करा. एका मुद्रणात मी ऐकले होते : बाई प्रत्येक उत्तरापूर्वी थांबते, मागून पुरुषाचा हळू आवाज येतो, ‘शिवणकाम म्हण’, आणि मग ती म्हणते, ‘शिवणकाम’.

त्या फाइलविषयी थोडे जास्त लिहिणे मला भाग आहे, कारण तुमच्यासमोरचा सर्वांत अवघड निर्णय तिच्याशी जोडलेला आहे. ते प्रकरण रावेरकडचे. पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली, असा पतीचा जबाब होता. फॉर्मवर शिवणकामाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख लिहिलेले होते. तिच्या आईने मला घर दाखवले, त्यात शिलाई मशीनच नव्हते. महिला बचत गटाच्या नोंदवहीत तिच्या चौदा महिन्यांच्या सह्या होत्या, एकेक अक्षर सुटे, ‘र’ची शेपटी ओळीखाली लांब ओढलेली. फॉर्मवरची सही मात्र सराईत, एका झटक्यात केलेली होती. मी कंपनीच्या वतीने चौकशी करत होतो आणि ती नोंदवही सापडल्यावर काम फत्ते झाले, असे मला वाटले. कंपनीने सही बनावट म्हणून दावा नाकारला. फौजदारी खटल्यात बुडण्यापूर्वी ती जिवंत होती की नाही हे ठरवणाऱ्या चाचणीसाठी हाड राखूनच ठेवलेले नव्हते, आणि संशयाचा फायदा मिळून पती सुटला. दोन मुले आजीकडे वाढली, त्यांना ना आईच्या मृत्यूचा न्याय मिळाला ना विम्याचा एक रुपया. माझा अहवाल खरा होता, त्यातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. पण त्या मुलांच्या वतीने कोणी न्यायालयात उभे राहिलेले नव्हते, आणि ते मी त्यांच्या आजीला वेळेवर सांगायला हवे होते, ही बोच अजून आहे.

यातला कायदा असा आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर ती कोणत्याही कारणाने आव्हानित करता येत नाही. त्याआधी मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची चुकीची माहिती या कारणाने कंपनी ती नाकारू शकते. बहिणीच्या पॉलिसी अकरा महिन्यांच्याच होत्या, म्हणजे कंपनीला तो मार्ग मोकळा आहे. बहिणीने स्वतः, समजून-उमजून सही केली असेल, तर पॉलिसी वैध राहते आणि फक्त गुन्हा करणारा नॉमिनी बाद होतो. सहीच तिची नसेल तर करारच उभा राहत नाही. खोटी सही हा पतीविरुद्ध मोठा पुरावा, आणि तोच भाचीचा हक्क संपवणारा पुरावा. मी तुम्हाला सत्य लपवायला सांगत नाही. ते लपवणे बेकायदेशीर आहे आणि कोणाच्याही हिताचे नाही. पण पुरावा हाती नसताना, केवळ रागाच्या भरात, ‘सगळ्या सह्या खोट्या आहेत’ असे कंपनीला लिहून देऊ नका. जे माहीत आहे तेवढेच लिहा.

रक्कम कोणाची, याचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही : ती तुमची नाही, तुमच्या आईवडिलांचीही नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे पती हा केवळ रक्कम स्वीकारणारा नॉमिनी राहिलेला नाही, तो लाभाचा हक्कदार मानला जातो. पण स्वतःच्या अपराधातून कोणालाही लाभ घेता येत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २५ खून करणाऱ्याला आणि खुनाला साहाय्य करणाऱ्याला मयताच्या मालमत्तेस अपात्र ठरवते, आणि कलम २७ सांगते की अशी व्यक्ती मयताच्या आधीच वारली होती असे समजून वारसा ठरवावा. पती असा वगळला गेला की कलम १५ प्रमाणे पहिल्या क्रमांकावर एकटी भाची उरते. कलम २५ मध्ये ‘दोषी ठरलेला’ असे शब्द नाहीत, ‘खून करणारा’ असे आहेत. तरी व्यवहारात दिवाणी न्यायालये फौजदारी खटल्याकडे लक्ष ठेवूनच पुढे जातात, त्यामुळे वेळ लागेल हे गृहीत धरा.

हा विचार आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडात लिव्हरपूलला १८८९ साली फ्लॉरेन्स मेब्रिक या स्त्रीला पतीला विष दिल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेत बदलली. पतीने पत्नीच्या लाभासाठी काढलेल्या विम्यावर तिचा हक्क राहत नाही, म्हणून आपणही काही देणे लागत नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने पहिली गोष्ट मान्य केली आणि दुसरी नाकारली : पत्नी बाद झाली, तरी रक्कम मयताच्या इस्टेटीला द्यावीच लागेल. भाचीसाठी तुमचा वकील जे मांडेल त्याचा गाभा हाच आहे.

त्यासाठी भाचीच्या वतीने, तुमच्या आईने वादमित्र (अल्पवयीनाच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती) होऊन, दिवाणी न्यायालयात दावा दाखल करावा आणि विमा रक्कम नॉमिनीला न देता न्यायालयात जमा करावी, असा तात्पुरता मनाई हुकूम मागावा. रक्कम जमा झाल्यास ती तिच्या नावे मुदत ठेवीत राहते. कंपनीला लिहिलेल्या पत्राने वेळ मिळतो, पण हक्क सुरक्षित होतो तो या दाव्याने. यात तुम्ही स्वतः वादी होऊ नका. तुम्ही झालात तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील ‘माहेरचे लोक पैशासाठी आले आहेत’ असे म्हणेल आणि ते खोडून काढण्यात तुमची दोन वर्षे जातील.

शेवटची गोष्ट भाचीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती आज त्याच घरात राहते. त्या रात्री घरातून कोण कधी निघाले, आईबाबांमध्ये काय बोलणे झाले, हे तिला ठाऊक असू शकते. तिला फोनवर काहीही विचारू नका, तिच्या तोंडून काही वदवून ते मोबाइलवर रेकॉर्ड तर मुळीच करू नका. मामाने पढवलेली साक्ष म्हणून ती न्यायालयात निरुपयोगी ठरेल. त्याआधी, त्या घरात कोणाला ते कळले तर तिला ते सोसावे लागेल. तिचा जबाब आवश्यक वाटला तर तो तपास अधिकाऱ्याने, महिला अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, रीतसर घ्यावा. तुमच्याकडून तिला पूर्वीसारखाच, तोच ठरलेल्या वेळेचा फोन जाऊ द्या. शाळेबद्दल, अभ्यासाबद्दल विचारा. पतीला अटक झालीच तर त्याच दिवशी तिच्या ताब्याचा प्रश्न उभा राहील, तेव्हा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालील अर्ज आईच्या सहीसह तयार ठेवा. भाचीचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड आणि आजी-आजोबांच्या घराचा उतारा त्याला जोडावा लागतो. जन्मदाखला माहेरच्या ग्रामपंचायतीत नोंदलेला असेल, तर तो सासरी कोणाला न विचारता उद्याच मिळू शकेल.